बोर्ड गेमची दुसरी आवृत्ती काढताय? मागणीमागे धावताना या चुका टाळा

पहिली आवृत्ती संपत आली की चहूकडून फर्माइशी सुरू होतात. दुकानदाराला मराठी आवृत्ती हवी असते, पालकांना लहान मुलांना जमेल असा खेळ, जुन्या खेळाडूंना एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा पुरवणी संच. यात खोटं काही नसतं. पण छोटा प्रकाशक या मागण्या पुरवताना सहसा खेळात चुकत नाही. छपाई, डबा आणि साठा यांच्या हिशोबात चुकतो.

उचललेला माल विकला गेला असं समजणे

वितरकाने २०० डबे नेले म्हणजे २०० घरांत खेळ पोहोचला असं नाही. आपल्याकडे बरेच दुकानदार ‘विकेल तसे पैसे’ या बोलीवर माल ठेवतात आणि न विकलेला परत पाठवतात. म्हणून दर महिन्याला एकच प्रश्न विचारा: फळीवर किती शिल्लक आहेत? त्यावरून खरा खप काढा. दिवाळीचा आणि मे महिन्याच्या सुट्टीचा खप सरासरीत धरू नका, तो वेगळा लिहा.

समजा, एरवीचा खप महिन्याला ६० डबे आहे आणि छपाईपासून पॅकिंगपर्यंत अडीच महिने जातात. म्हणजे १५० डबे त्या काळातच संपणार. वर एका महिन्याची राखीव जोडा. शिल्लक २१० वर आली की पुन्हा छपाईला द्या. त्याआधी घाई नको आणि ५० उरेपर्यंत थांबणंही नको.

प्रति डबा स्वस्त पडतो म्हणून जास्त छापणे

समजा, ५०० डबे प्रत्येकी ₹२६० ने पडतात आणि २,००० डबे ₹१५० ने. एमआरपी ₹७०० आहे, दुकानदार-वितरक वजा जाता हातात ₹३५० येतात. २,००० छापून ७०० विकले, तर खर्च ३ लाख आणि जमा २ लाख ४५ हजार. ५५ हजार अडकले, शिवाय १,३०० डबे घरात. ५०० छापून सगळे विकले तर ४५ हजार सुटतात. मधली गरज भागवायला डिजिटल छपाई (थोड्या प्रतींसाठीची) आहेच. भाव काढताना कर आजचाच धरा: २२ सप्टेंबर २०२५ पासून बोर्ड गेम आणि पत्त्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

शीट न मोजता पत्ते वाढवणे

सगळ्यात महाग चूक ही, आणि ती डिझाइनच्या टेबलावरच होते. नेहमीचा पत्ता ६३×८८ मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) धरलं की ६९×९४. ऑफसेटच्या (प्लेटवरून होणाऱ्या छपाईच्या) २०×३० इंची कागदावर, म्हणजे ५०८×७६२ मिमीवर, असे ७×८ मिळून ५६ पत्ते बसतात. ग्रिपरच्या (कागद पकडणाऱ्या चिमट्यांच्या) दिशेला २५ मिमी उरतात, पण दुसऱ्या बाजूला जेमतेम १०. तेव्हा छापखान्याचं मशीन एवढी जागा छापतं का, हे आधी विचारा. आता खेळाडूंच्या आग्रहाखातर ५४ पत्त्यांचे ६० केलेत, तर चार पत्त्यांसाठी दुसरी शीट लागते: प्लेटचा (प्रत्येक रंगाच्या छपाईच्या पत्र्यांचा) नवा संच, नवी मेकरेडी (मशीन जुळवणी), नवी कटिंग.

डिजिटलच्या १२×१८ इंची शीटवर ३×६ असे १८ पत्ते बसतात, म्हणजे ५४ पत्त्यांना बरोबर तीन शीट. ५५वा पत्ता चौथी शीट मागतो. ‘अजून एकच पत्ता टाकूया’ असं कोणी म्हणालं की आधी शीट मोजा. वाढवायचेच असतील तर शीट भरेल इतके वाढवा, नाहीतर दोन कमकुवत पत्ते काढून टाका. खेळ बहुधा सुधारतोच.

मराठी आवृत्ती म्हणून नवा खेळ छापणे

इंग्रजी आणि मराठीचे वेगळे डबे काढले की साठा दोन ठिकाणी विभागतो, आणि हमखास नको तो उरतो. डबा एकच ठेवा, बाहेर दोन्ही भाषा, आत दोन भाषांची नियमपुस्तिका. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात हे विसरू नका: १४ पानांचा मजकूर १६ पानांत नेटका बसवा.

पत्त्यांवर मजकूर असेलच, तर तो पहिल्या दिवसापासून १०० टक्के काळ्या रंगात, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापलेला) ठेवा. मग भाषा बदलताना फक्त काळी प्लेट बदलावी लागते. समजा १,५०० शीट काढायच्या आहेत. १,००० इंग्रजी काळ्या प्लेटवर काढा, मशीन थांबवा, मराठी प्लेट चढवा आणि उरलेल्या ५०० काढा. खर्च एका प्लेटचा आणि थोड्या वाया जाणाऱ्या कागदाचा. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवली असतील तर ही सोय गेली. अक्षरांची जागा चारही प्लेटवर कोरी सोडलेली असते, त्यामुळे चारही बदलाव्या लागतात.

इंग्रजी ७ पॉइंटला वाचता येतं, तिथे देवनागरीला ९ तरी द्या. वेलांटी-मात्रांसाठी ओळींत अंतर जास्त लागतं, म्हणून चौकट आधीच मोठी आखा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात. ‘ऱ्य’, ‘द्ध’, ‘क्ष’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा आणि फाइल छापखान्यात देण्याआधी अक्षरांचं आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा.

एक्सपान्शनच्या पत्त्यांची पाठ वेगळी निघणे

नवे पत्ते जुन्यात मिसळून पिसायचे असतात. पाठीची छटा किंचित गडद आली, कागद दुसरा निघाला किंवा कोपऱ्याची गोलाई बदलली की गड्डीतला नवा पत्ता ओळखू येतो. लपवाछपवीच्या खेळात तेवढ्याने खेळ संपतो. मूळ आवृत्तीच्या वेळीच पाठीच्या मुख्य रंगासाठी स्पॉट शाई (आधीच मिसळलेली ठरावीक छटेची शाई) ठरवा, मंजूर केलेली एक शीट उजेडापासून दूर जपून ठेवा, कागदाचं नाव, जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), लॅमिनेशनचा (वरच्या प्लास्टिक थराचा) प्रकार आणि कोपरा कापणाऱ्या डायची (साच्याची) त्रिज्या लिहून ठेवा. पाठीला पांढरी किनार देऊ नका. कटिंग अर्धा मिमी सरकलं तरी किनारीत दिसतं, सलग नक्षीत लपतं. पहिली आवृत्ती किनारीसह निघालीच असेल, तर एक्सपान्शनची गड्डी वेगळी पिसायची असा नियम करणं जास्त प्रामाणिक.

भरगच्च दिसावा म्हणून डबा मोठा करणे

कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. हिशोब साधारण असा: लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५,०००. ३०×३०×७ चा डबा ७०० ग्रॅमचा असला तरी १.२६ किलो धरला जातो. २०×१५×५ च्या डब्याचं आकारमानाचं वजन ०.३ किलोच भरतं. बाहेरच्या कार्टनचं मापही यात येतं, ते विसरलं जातं.

वयाचा आकडा सहज बदलणे

पालकांनी मागितलं म्हणून ‘१४+’ खोडून ‘८+’ छापणं ही डिझाइनची किरकोळ दुरुस्ती नाही. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं आणि बिगर-विजेरी खेळण्यांची तपासणी आयएस ९८७३ या भारतीय मानकानुसार होते. परवाना उत्पादनाच्या जागेला मिळतो, म्हणून माल बाहेर बनवून घेत असाल तर त्या कारखान्याकडे तो आहे का ते पाहा. उलट, छोट्या मुलांची चित्रं आणि तसाच खेळ ठेवून नुसतं ‘१४+’ छापल्यानेही सुटका होत नाही. खेळ उघडपणे कोणासाठी आहे, हेही पाहिलं जातं.

दिवाळीसाठी सप्टेंबरमध्ये फाइल देणे

सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातले छापखाने दिवाळी अंकांत बुडालेले असतात, त्यानंतर कॅलेंडर आणि डायऱ्या. तुमच्या ५०० डब्यांचं काम मागे पडणारच. फाइल जूनअखेर द्या. फक्त मधे पावसाळा येतो: एकाच बाजूला लॅमिनेशन केलेला पत्ता दमट हवेत वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना सारखंच करून घ्या. डब्याचा पुठ्ठा डिंक लावल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय श्रिंक रॅप (घट्ट प्लास्टिक वेष्टन) करू देऊ नका, आत बुरशी धरते. आणि छपाईबरोबरच पत्त्यांचे ३ टक्के जादा संच मागून घ्या. ऑनलाइन विक्रीत ‘एक पत्ता कमी आला’ ही तक्रार येतेच, आणि त्या एका पत्त्यासाठी अख्खा डबा परत घेणं परवडत नाही.