वर्गाचे पत्र घरी पाठवताना

प्राथमिक शाळेतील वर्गशिक्षकाने पालकांना पंधरवड्यातून एकदा पाठवायचे पत्र एका पानात संपावे. बहुतेक वर्गपत्रांत जयंत्या, सहली आणि बक्षिसे यांचीच गर्दी असते. ती वाचून घरच्यांना बरे वाटते, परंतु आपले मूल सध्या कोठे अडले आहे आणि संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंतच्या दहा मिनिटांत त्याच्याबरोबर काय करावे, हे त्यातून कळत नाही. म्हणून एका पत्रात शिकण्याची एकच गोष्ट घ्यावी आणि ती त्या आठवड्यात तपासलेल्या वह्यांतून निवडावी.

दुसरीच्या वर्गात ‘एकोणतीस’ लिहायला सांगितले की काही मुले हमखास ३९ लिहितात. कानावर ‘तीस’ पडते म्हणून हात आधी ३ काढतो, आणि ‘एकोण’ आले की शेवटी नऊ लिहायचे हे पाठ झालेले असते. ही चूक आळसातून होत नाही. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. हे पत्रात दोन ओळींत सांगितले, तर मुलावर डोळे वटारणारे घरचे माणूसही थबकते, कारण आयुष्यभर उच्चारलेल्या शब्दाची अशी फोड त्यानेही बहुधा कधी केलेली नसते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या बदलामागचे कारण, म्हणजे ऐकलेला शब्द आणि लिहायचे अंक यांचा क्रम जुळावा हे, घरोघरी अशा साध्या पत्रातून आधी पोहोचले असते, तर वादाचा सूर निराळा राहिला असता, असे मला वाटते.

त्यानंतर कृती सांगावी आणि ती घरातल्या वस्तूंनीच होणारी असावी. मी लिहितो तो मजकूर असा: “खराट्याच्या तीस काड्या घेऊन दहा-दहाच्या तीन जुड्या बांधाव्यात. मुलाला एका जुडीतून एक काडी काढून घेण्यास सांगावे. आता पूर्ण जुड्या किती आणि सुट्या काड्या किती, हे त्याने मोजावे आणि मगच आकडा लिहावा. उत्तर आपण सांगू नये.” यातील शेवटचे वाक्य कधीही गाळू नये.

माझ्या पहिल्या पत्रात मी केवळ ‘संख्यालेखनाचा सराव घ्यावा’ असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने २९ हा आकडा दोन पाने भरून गिरवून आणला, आणि श्रुतलेखनात पुन्हा ३९ लिहिले. दोष तिच्या आईचा नव्हता. मी काय करावे ते सांगितले होते, कसे करावे ते नाही.

भाषा घरगुती ठेवावी. निपुण भारत अभियानाने २०२१ पासून तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे हे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु परिपत्रकातील ‘अध्ययन निष्पत्ती’सारखे शब्द पत्रात आले की पालक तो कागद देव्हाऱ्यामागे खोचून ठेवतात. ज्या घरी वाचणारे कोणी नाही तेथे मुलानेच पत्र मोठ्याने वाचून दाखवावे, अशी सूचना वर्गात द्यावी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना हाच मजकूर व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवावा. तो दोन मिनिटांहून मोठा नसावा, कारण रात्री कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीवर, परतलेल्या माणसाला त्याहून अधिक ऐकण्याचे त्राण नसते. चुकांची उदाहरणे देताना मुलांची नावे लिहू नयेत, आणि छायाचित्रे पालकांच्या संमतीनेच पाठवावीत.

पानाच्या तळाशी फाडून परत पाठवायची चिठ्ठी ठेवावी. ‘सराव केला’ अशी खूण करण्याची चौकट त्यात नको, कारण ती खूण सगळेच करतात. त्याऐवजी ‘मूल कोठे अडले?’ असे विचारून खाली दोन ओळी मोकळ्या सोडाव्यात. एका चिठ्ठीत बापाने लिहिले होते, “८९ पर्यंत सगळे जमले. ९९ ला एकोणशंभर का म्हणत नाहीत, असे विचारतो आहे. काय सांगू?” पुढच्या पंधरवड्याचे पत्र मी त्याच प्रश्नाने सुरू केले.