जीर्णोद्धाराचे तुटके ग्रीक शिलालेख वाचायला शिकताना

इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकांतील ग्रीक शिलालेखांकडे वळू पाहणाऱ्याने फुटक्या तुकड्यांपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी एखादा अखंड लेख पाठ व्हावा. मी स्वतः पश्चिम आशियातील हम्मात गादेर येथील नऊ ओळींचा लेख त्यासाठी सुचवतो. खलिफा मुआवियाच्या कारकिर्दीत, ५ डिसेंबर ६६२ रोजी, यार्मुक नदीच्या खोऱ्यातील गरम झऱ्यांच्या स्नानगृहांची दुरुस्ती झाल्याची त्यात नोंद असून, राज्यकर्ता मुसलमान असतानाही लेखाच्या आरंभी क्रूस कोरलेला आहे. आधी सत्ताधीश, मग 'अनेनेओथे', म्हणजे जीर्णोद्धार झाला, हे क्रियापद, मग काम करवून घेणारा अधिकारी, आणि त्यानंतर काळ: अशा लेखांचा साचा त्यात नीट दिसतो.

काळ मात्र तिथे तीन गणनांनी दिला आहे: जवळच्या गादारा शहराच्या शकाचे ७२६वे वर्ष, अरबांचे (म्हणजे हिजरी) ४२वे वर्ष आणि सहावे इंडिक्टिऑन. इंडिक्टिऑन हे करआकारणीच्या पंधरा वर्षांच्या चक्रातील वर्ष असल्यामुळे, एखाद्या तुकड्यावर फक्त 'सहावे इंडिक्टिऑन' एवढेच उरले असेल तर त्यावरून शतकही ठरत नाही. अशा वेळी पदव्यांचा थोडाफार आधार मिळतो. उदाहरणार्थ, 'शहराचा पिता' हे नगराच्या निधीशी निगडित पद दिसले की आपण बहुधा पाचव्या शतकात किंवा त्यानंतरच्या काळात आहोत असे समजावे. आजच्या तुर्कस्तानातील आफ्रोदिसियास या प्राचीन शहरात या पदावरील फ्लाविओस आम्पेलिओस सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीच्या लेखांत भेटतो. 'फ्लाविओस' या नावावर मात्र फार विसंबू नये, कारण त्या काळी ते बहुतेक सरकारी माणसांच्या नावाआधी लागत असे.

शब्द न तोडता सलग लिहिण्याची पद्धत मोडी वाचलेल्यांना जड जाणार नाही. खरी अडचण गळालेल्या अक्षरांची आहे. अभिजात काळातील अथेन्सच्या चौकटबद्ध, म्हणजे प्रत्येक अक्षर सारख्या घरात बसवलेल्या, कोरीव लेखांत अक्षरे मोजून रिकामी जागा भरता येते. इथे अक्षरे लहानमोठी, जोडलेली आणि मनाला येईल तिथे संक्षिप्त केलेली असल्यामुळे तो हिशेब दोनचार अक्षरांनी सहज चुकतो. म्हणून छायाचित्रावर न थांबता ओल्या कागदाचा ठसा घ्यावा, तिरप्या उजेडात तो उलटसुलट पाहावा आणि अर्धवट अक्षराखाली अनिश्चित वाचनाची खूण म्हणून टिंब द्यायला संकोच करू नये. गळालेला मजकूर वाचकाने भरल्याची खूण असलेल्या चौकोनी कंसात ठरीव शब्द जरूर भरावेत, पण माणसाचे किंवा इमारतीचे नाव साच्यावरून भरू नये. तसे नाव पुढच्या अभ्यासकाच्या अधिकाऱ्यांच्या यादीत जाते, आणि तिथे कंस गळून पडलेला असतो.