दुर्बिणीतून पिशवी काढल्यावर दुखणं कसं सांभाळायचं

माझी गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली. पोटावर चार छोटी छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. टाके दुखणार हे गृहीतच होतं, पण पहिल्या रात्री जीव नकोसा केला तो उजव्या खांद्यानं. मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, ‘‘ताई, हा गॅस आहे.’’ ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. थोडा आत उरतो, छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला टोचतो आणि मज्जातंतू सामायिक असल्यामुळे दुखतं खांद्यात. दोन-तीन दिवसांत तो शोषला जातो. मला खांद्यावर शेक आणि घरातल्या घरात फेऱ्या यांनी आराम पडला. टाक्यांवर मात्र शेक नको, तिथली त्वचा बधिर असते आणि भाजलेलं कळत नाही. खांदेदुखीबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर गॅस समजून थांबू नका.

गोळीची माझी चूक ऐका. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी घ्यायची होती. दुपारी बरं वाटलं म्हणून एक चुकवली. संध्याकाळी असा ठणका लागला की पुढची गोळी घेऊनही तासभर कूस बदलता येईना. तेव्हापासून गजर लावला. पहिले तीन दिवस दुखण्याची वाट बघत बसू नका, घड्याळ बघून गोळी घ्या. पण 24 तासांत पॅरासिटामॉल 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर त्याहूनही कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं, तेही हिशेबात धरा. आयबुप्रोफेन दिली असेल तर खाऊन मगच घ्या. किडनीचा आजार, अल्सर किंवा दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी पोट साफ होत नाही. कुंथलं की सगळे टाके ओढले जातात. म्हणून भरपूर पाणी, डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध, आणि शौचाला बसताना कमोडपुढे पायाखाली छोटा स्टूल.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातावर जोर देऊन उठा. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची. माझी उशी दोन आठवडे माझ्याबरोबर खोलीखोलीत फिरली. चाला, पण थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. जड वस्तू किती आठवडे उचलायच्या नाहीत, ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.

सगळ्यात उपयोगी पडली ती वही. सकाळ-संध्याकाळ दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. आकडा रोज थोडा तरी उतरायला हवा. तो वर चढू लागला, 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर ताप आला, पोट फुगून उलट्या झाल्या, लघवी अडली, पोटरी सुजून दुखू लागली किंवा तासाभरात पॅड भिजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग रात्र असो वा सुट्टी.

माझा आकडा सहाव्या दिवशी दोनवरून पाचवर गेला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. मी डॉक्टरांना फोन करून वहीतले आकडे वाचून दाखवले. त्यांनी लगेच लघवी तपासायला सांगितली. संसर्ग निघाला. औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत आकडा पुन्हा दोनवर आला.