अनुभवकथनातून सिद्धांत शिकवताय? या चुका टाळा

‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ बी.एड.च्या आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाच्या, फायलींत हे वाक्य इतक्यांदा येतं की त्याचा शिक्काच करून घ्यावा. एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेसाठी 20 आठवडे मिळाले. म्हणजे अनुभवांचा तुटवडा नाही. तरी ज्ञानरचनावाद (मूल आपलं ज्ञान स्वतः बांधतं, हा विचार) पेपरात राहतो आणि वर्ग फायलीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे प्रसंगाऐवजी निकाल लिहून घेणं. ‘मुलांना हातच्याची वजाबाकी समजली नाही’ हा निकाल झाला. मुलानं पाटीवर नेमकं काय मांडलं, ते छात्राध्यापकाला, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्याला, विचारा. 52 - 27 = 35. असं का? ‘‘दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले.’’ आता बोलण्यासारखं काहीतरी हाती लागलं. मुलानं स्वतःचा नियम बांधलाय आणि आजवर हातच्याविनाच्या गणितांत त्याला तो कधी नडलेला नाही. ज्ञानरचना म्हणतात ती हीच! मग छात्राध्यापकाला विचारा, हा नियम त्याच्याच हातून मोडायला काय द्याल? काड्यांचे गठ्ठे? की 35 मध्ये 27 मिळवून बघायला सांगाल?

सिद्धांत आधी सांगून ‘याला अनुरूप प्रसंग लिहा’ म्हणू नका. जाणत्याच्या मदतीनं मूल पुढे जातं असं मांडणारा विगॉट्स्की शिकवून झाला की त्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक हुशार मूल शेजारच्याला मदत करताना हमखास सापडतं. प्रसंग त्याच दिवशी लिहून होऊ दे. तो कुठल्या सिद्धांतात बसतो की बसतच नाही, ते नंतर बघू.

फसलेल्या तासाचे गुण कापलेत, तर पुन्हा कुणी फसलेला तास लिहिणार नाही. गुण तपशिलाला द्या.

थोरामोठ्यांच्या गोष्टींचंही तेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा सांगितली की वर्ग भारावतो आणि तास संपतो. गोष्ट मध्येच थांबवा: मुलं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तुम्ही काय कराल? उत्तरं येऊ द्या, मगच शाळा कुरणात नेल्याचं सांगा. आणि लगेच विचारा, ऊसतोडीच्या हंगामात तुमच्या सरावशाळेतली मुलं कुठे जातात?

आणि हो, फायलीत मुलांची खरी नावं नकोत. फाईल कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.