संगणकाला पेडल जोडण्यापूर्वी

गेल्या खेपेस मी एका गाण्यातील कोरसचे आवाज रिव्हर्ब पेडलमधून, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या गिटारवादकांच्या पायपेटीतून, फिरवून आणले आणि दोन रात्री जागून मिक्स पूर्ण केले. तिसऱ्या दिवशी हेडफोन लावले, तेव्हा प्रत्येक चढ्या सुरामागे काचेवर वाळू घासल्यासारखी खरखर ऐकू आली. पेडल जुने आहे, त्याचा स्वभावच असा असेल, अशी मी आधी स्वतःची समजूत घातली होती. दोष पेडलचा नव्हता. मी त्यात ओतलेल्या सिग्नलच्या पातळीचा होता. पुढील तयारी त्या फजितीतून लिहिली आहे.

केबलींविषयी सांगण्यासारखे काही नाही. इंटरफेसवर, म्हणजे संगणकातला आवाज आत-बाहेर नेणाऱ्या उपकरणावर, मात्र स्पीकरना जाणाऱ्या जोडीखेरीज निदान एक लाइन आउटपुट मोकळे असावे. दोनच आउटपुट असतील, तर मिक्स स्टिरिओत ऐकता ऐकता पेडल वापरण्याचा बेत सोडून द्यावा.

आता पातळी. पेडल गिटारच्या पिकअपमधून येणाऱ्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेले असते, तर इंटरफेसचे लाइन आउटपुट +४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट, या पातळीच्या हिशेबाने चालते आणि त्याची शिखरे त्याहून पुष्कळ वर जातात. +१८ डीबीयूपर्यंत पोहोचणारी साइन लहर माथ्यापासून तळापर्यंत सुमारे १७ व्होल्टची असते. पेडल ९ व्होल्टवर चालत असेल आणि आत व्होल्टेज वाढवणारे सर्किट नसेल, तर एवढी लहर त्यात मावणारच नाही. तिचा माथा कापला जाईल. यातली खरी मेख अशी की हे कापणे पेडलच्या पोटात घडते. पेडलचे आउटपुट बटण खाली असेल, तर परतणारा सिग्नल मीटरवर अगदी सभ्य दिसतो, लाल दिवा लागत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. मी असाच राहिलो. म्हणून केबल खोचण्यापूर्वी सेंडचा (पेडलकडे आवाज पाठवणाऱ्या वाटेचा) फेडर, म्हणजे पातळीची सरकपट्टी, −२० डीबीवर आणावा, नंतर नव्हे. मग गाण्यातील सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवत ठेवून फेडर हळूहळू वर न्यावा आणि खरखर सुरू होताच बराच मागे घ्यावा. केवळ डिजिटल फेडरने फार खाली ओढल्यास कन्व्हर्टरची (डिजिटल आकड्यांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागाची) स्वतःची सरसर मात्र आहे तेवढीच राहते आणि सिग्नलच्या तुलनेत वाढते, त्यामुळे मध्ये रीअँप बॉक्स, म्हणजे लाइनचा सिग्नल गिटारसारखा करणारी डबी, ठेवणे अधिक शहाणपणाचे. तो सिग्नलबरोबर ती सरसरही खाली आणतो, शिवाय इंपीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) गिटारच्या जवळ नेतो. आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या फझ पेडलला याचा फरक फार पडतो, कारण जुन्या धाटणीचे फझ सर्किट समोर पिकअप आहे असे धरूनच रचलेले असते. प्रतिध्वनी देणाऱ्या डिजिटल डिले पेडलला सहसा काही वाटत नाही. बॉक्स असला तरी पातळी तपासायचीच, कारण त्याचेही बटण कोणीतरी पूर्ण फिरवून ठेवलेले असू शकते.

वीजपुरवठ्याचे व्होल्टेज, मिलिअँपिअर आणि ध्रुवता पेडलवर छापलेली असते, ती वाचावी. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी आणि मध्यभागी ऋण ध्रुव लागतो, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. पेडल जोडताच गुणगुण सुरू झाली, तर ग्राउंड लूपचा, म्हणजे उपकरणांच्या ग्राउंडच्या जोडण्यांतून तयार झालेल्या वेटोळ्याचा, संशय घ्यावा. ट्रान्सफॉर्मर असलेला रीअँप बॉक्स आणि प्रत्येक पेडलला स्वतंत्र विलग पुरवठा यांनी ती बहुधा जाते. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग भेटतात. तसे कधीही करू नये, त्यात जीव जाऊ शकतो.

परतीचा सिग्नल लाइन इनपुटमध्ये घ्यावा. परतीचा ट्रॅक पेडलला जाणाऱ्याच आउटपुटकडे वळवलेला नाही, याची खात्री स्पीकर बंद ठेवून करावी. वळवलेला असेल, तर असा चीत्कार उठतो की कान आणि स्पीकर दोन्ही पणाला लागतात. आणि हो, पातळी. पेडल बदलले की पुन्हा तपासावी, गाणे बदलले की पुन्हा. मागच्या वेळी एका गायिकेच्या ट्रॅकवर जुळवलेली पातळी मी चारही आवाजांना तशीच वापरली. चार आवाज एकत्र आले की शिखर किती चढते, याचा विचार केला नाही.

आवाज पेडलमधून फिरून परतायला लागणारा विलंबही मोजावा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅंपलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद घेतो, त्यात परतीचा बफर आणि कन्व्हर्टरचा वेळ मिळवावा लागतो. पिंग, म्हणजे एक छोटा टिकटिक आवाज, पाठवून मोजताना पेडल बायपास (परिणाम बंद) असावे, आणि बफर बदलला की पुन्हा मोजावे. सेंडवर वापरताना पेडलचा कोरडा, म्हणजे परिणाम न झालेला, आवाज पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर मूळ आवाजाशी काही मिलिसेकंदांच्या अंतराने मिसळून तो पोकळ लागतो.

शेवटी पेडलचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर प्रत्यक्ष वेळेत रेकॉर्ड करावा, कारण झटपट एक्सपोर्टला खरे पेडल सापडत नाही. मूळ ट्रॅक पुसू नये. बटणांचा फोटो काढावा. रेकॉर्ड दाबण्यापूर्वी सेंडचा फेडर कुठे आहे, ते पुन्हा एकदा पाहावे.