बडोद्यातलं शिल्प कोणाचं? सही कशी वाचावी, नोंद कशी ताडावी

सुरुवात ऑगुस्तो फेलिचीपासून करा. सयाजीराव महाराजांनी या इटालियन शिल्पकाराला काम दिलं आणि लक्ष्मी विलास राजवाड्यात त्याची ब्राँझ, संगमरवर व टेराकोटा (भाजलेली माती) अशी तीनही प्रकारची शिल्पं आहेत. एकच हात तीन साहित्यांत बघायला मिळणं ही अभ्यासाची मोठी सोय आहे. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल न्या.

आधी चेहरा नको, तळ बघा. सही बहुधा बैठकीच्या कडेला किंवा मागच्या बाजूला असते. टेराकोटावर ती माती ओली असताना काडीने कोरलेली असेल, तर अक्षरांच्या कडेला माती किंचित वर उचललेली दिसते. भाजल्यावर कोरलेली असेल तर कडा टवके उडाल्यासारख्या. हा फरक फार महत्त्वाचा, कारण दुसऱ्या प्रकारची सही नंतर कोणीही घालू शकतो. ब्राँझमध्ये ओतण्याआधी मेणाच्या नमुन्यावर केलेली सही गोलसर येते, छिन्नीने नंतर केलेली धारदार. शेजारी ओतशाळेचा शिक्का असला तर तोही उतरवून घ्या. शिल्पाला हात लावू नका: घामातल्या मिठाने ब्राँझवर डाग पडतात आणि संगमरवर तेल शोषून घेतो.

सही सापडली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. एका साच्यातून अनेक ब्राँझ ओतता येतात, आणि संगमरवराचं कोरकाम पुष्कळदा प्लास्टरच्या नमुन्यावरून कारागीरच करत. म्हणून उंची, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये लिहा. ब्राँझवरून साचा काढून पुन्हा ओतलं, तर आकार थोडा आकसतो.

सगळ्यात जास्त गफलत सालांची होते. पाटीवरचं साल शिल्प घडवल्याचं आहे की संग्रहात आल्याचं, हे विचारल्याशिवाय धरून चालू नका. नावंही तपासा: फेलिची कुठे फेलिसी होतो. शिल्पकार फणींद्रनाथ बोस (१८८८–१९२६) एडिनबरोत शिकले आणि त्यांनाही महाराजांनी काम दिलं. त्यांचं नाव शोधताना आद्याक्षरांनीही शोधा.

बडोद्यातला काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, फेलिचीच्या नावावर टाकू नका, तो फ्रान्सिस डरवेंट वूडचा.

कमाटीबागेतल्या संग्रहालयाला किंवा फतेहसिंह संग्रहालयाला पत्र लिहिताना नोंद क्रमांक, मापं, सहीची हुबेहूब नक्कल आणि एकच नेमका प्रश्न द्या. ‘या शिल्पकाराची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत, तर शोधणाऱ्याला धागाच मिळत नाही.