उबंटूच्या अपग्रेडनंतर डीपीकेजीची नोंदवही बिघडली, तर

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाताना मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली, तर मशीन कधीकधी सुरू होतं खरं, पण नवं काही इन्स्टॉल करू देत नाही. 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' एवढंच ऐकवतं. (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमच्या गठड्या, मशीनवर बसवणारं साधन. ॲप्ट त्या इंटरनेटवरून आणून त्याच्या हाती देतं.)

काहीही पुसण्याआधी दोन जागांतला फरक ओळखा. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स, म्हणजे मिळू शकणाऱ्या पॅकेजांच्या याद्या, हा दुकानाबाहेरचा भावफलक आहे, पुसला तरी पुन्हा लिहून मिळतो. /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस हा मात्र तुमच्या मशीनचा सातबारा, म्हणजेच ती नोंदवही. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, अर्धवट की पूर्ण, सगळं त्यात. 'डेटाबेस डिलीट करा' असा सल्ला मिळाला, की कोणता ते आधी विचारा.

(खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.)

सुरुवात 'डीएफ -एच' ने. मूळ विभाजन (/) किंवा मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं /बूट १०० टक्के भरलं असेल, तर जागा केल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. मूळ विभाजनावर 'सुडो ॲप्ट क्लीन' ने बरीचशी मोकळी होते.

'कुड नॉट गेट लॉक' आलं तर थांबा. बहुतेकदा मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे आपोआप अपडेट बसवणारा प्रोग्रॅम, चालू असतो. लॉकची फाइल उडवू नका. खरं कुलूप कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे असतं, प्रोग्रॅम संपला की ते आपोआप सुटतं. फाइल उडवून फक्त दोघांना एकाच वहीत खरडायची मुभा मिळते.

मग वहीची नक्कल: 'सुडो सीपी -ए /व्हार/लिब/डीपीकेजी /रूट/डीपीकेजी-नक्कल'. आळस इथे महागात पडतो.

आता 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. दुसरी आज्ञा काय काय काढणार ते वाचूनच होकार द्या. पुष्कळांचं दुखणं इथेच बरं होतं.

'पार्सिंग फाइल … स्टेटस' असं म्हणून ओळीचा क्रमांक दाखवला, तर वहीच फाटली आहे. वीज गेल्यावर फाइलमध्ये निरर्थक शून्य बाइट भरलेले सापडतात. शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, शेवटच्या बदलाआधीची प्रत. ती धड असेल तर स्टेटसच्या जागी कॉपी करा. तीही गेली असेल तर /व्हार/बॅकअप्स मध्ये डीपीकेजी.स्टेटस.० पाहा. त्याहून जुन्या प्रती .१.जीझेड अशा क्रमाने दाबून ठेवलेल्या असतात.

मेख अशी, की ही प्रत अपग्रेडच्या आधीची असू शकते. मग डिस्कवर फाइली नव्या, वहीत आवृत्त्या जुन्या. त्यावर उतारा म्हणजे 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड': तीच पॅकेजं पुन्हा उतरतील, वेळ जाईल, पण वही आणि डिस्क जुळतील. मधल्या काळात नेमकं काय घडलं ते /व्हार/लॉग/डीपीकेजी.लॉग मध्ये तारीखवार मिळतं.

एखाद्याच पॅकेजची 'फाइल्स लिस्ट' रिकामी असल्याची तक्रार आली, तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' पुढे त्याचं नाव द्या.

भावफलकाचीच कुरकुर असेल, तर लिस्ट्समधलं सगळं बिनधास्त पुसा आणि अपडेट चालवा. पीपीए (इतरांनी चालवलेली पॅकेजांची भांडारं) वगैरे बाहेरचे स्रोत अपग्रेडने बंद केलेले असतात, ते शेवटी एकेक करून चालू करा.

अखेरीस 'डीपीकेजी --ऑडिट'. काहीच छापलं नाही, तर मशीन रीबूट करायला हरकत नाही.